बेबी ऑफ चांदवडकर

सिस्टर पगारे पहिल्यांदा आमच्या दारात आल्या त्या माझ्या स्वेटरची बाही मागायला. अख्खी नको, कोपराजवळची चार बोटं पुरेत, असं त्यांनी वर समजावलंही. स्वेटर त्या वेळी माझ्या अंगात होता. जानेवारीतली सकाळ होती, आणि नाशकातल्या जानेवारीत सकाळी साडेसातला माणूस एक वेळ घराची चावी देईल, अंगातला स्वेटर देणार नाही.

"वरच्या मजल्यावर राहायला आलेय. पगारे," त्या म्हणाल्या. "काल तुम्ही जिन्यात दिसलात. तेव्हापासून हा रंग डोक्यातून जात नाहीये."

पासष्टी ओलांडलेली बाई, ठेंगणी, पांढरे केस घट्ट बांधलेले, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात कात्री. कात्री मी शेवटी सांगतोय, पण मला ती सगळ्यांत आधी दिसली होती. स्वेटरचा रंग म्हणाल तर शेवाळी. नीट सांगायचं तर बरेच दिवस न धुतलेल्या टाकीच्या तळाचा. माझ्या कपड्यांच्या रंगाबद्दल एवढ्या आस्थेनं आजवर कुणी बोललं नव्हतं, त्यामुळे मी थोडा विरघळलो.

"कशाला हवीय लोकर?" मी विचारलं.

"माशी करायचीय."

मी तीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आहेत. लोकांच्या विचित्र मागण्या शांतपणे ऐकून घ्यायची मला सवय आहे. तरी मी नकळत दुसऱ्या हातानं बाही धरली. तेवढ्यात माझी बायको नीता बाहेर आली. ती त्या स्वेटरच्या मुळावर बरीच वर्षं उठलेली होती. "कोपर कशाला, सगळाच घेऊन जा," ती म्हणाली. पण सिस्टरनी मोजून चार बोटंच कापली, तीही माझ्या अंगावर. कापताना म्हणाल्या, "हलू नका. मुंगी चावल्यासारखं वाटेल." आणि खरं सांगतो, मी डोळे मिटले. लोकरीला काय दुखणार, पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की दुखणार नाही याची खात्री करून घ्यावीशी वाटली.

चौकशी हा माझा जुना रोग आहे. संध्याकाळी मी, माझ्या लोकरीचं काय झालं ते बघायला, वर गेलो.

सिस्टरच्या जेवणाच्या टेबलावर एक पोळपाट उलटा घातला होता आणि त्याच्या पायाला बँडेजनं एक लांबट चिमटी आवळून बांधली होती. "हिला आर्टरी म्हणतात," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनमध्ये रक्ताची नळी धरायला असते. निवृत्त होताना स्टाफनं विचारलं, सिस्टर, आठवण म्हणून काय देऊ? मी म्हटलं, हीच द्या. तरी त्यांनी वर एक घड्याळ दिलंच. ते चालत नाही. आर्टरी चालते." सिस्टर छत्तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात होत्या.

चिमटीच्या चोचीत एक बारीक गळ अडकवलेला होता, नखाएवढा. त्यावर त्यांनी काळा शिवणाचा दोरा एकाला एक लावून गुंडाळत नेला. मग माझ्या बाहीतली लोकर उकलून, पिळून, तिचं पोट केलं. पोटावरून एका जुन्या पदरातली जरीची तार तिरपी फिरवली, तिचे चार वेढे दिसतील अशी. मग कोंबड्याच्या मानेचं लालसर पीस घेतलं आणि ते गळाच्या डोक्याशी गोल फिरवलं, तर त्याच्या सगळ्या काड्या पायांसारख्या उभ्या राहिल्या. शेवटी गाठ मारली. ती गाठ मला तीनदा बघूनही कळली नाही. टाके घालताना मारतात ती, असं त्या म्हणाल्या. गाठीवर नेलपॉलिशचा एक थेंब. "बोटांना मी हे जन्मात लावलं नाही," त्या म्हणाल्या. "ड्यूटीवर चालायचं नाही."

"ही माशी?" मी म्हटलं. मला ती स्वेटरला निघालेल्या गोळ्यासारखी दिसत होती.

"तुम्हाला दिसायची नाही. तुम्ही मासा आहात का? पाण्याखालून वर बघताय असं समजा. वर उजेड आहे, आणि त्यात काहीतरी पाय हलवत चाललंय. माशाला तेवढं पुरतं."

मग त्यांनी डॉक्टरी चिकटपट्टीचा एक तुकडा फाडला, घड्याळात बघून त्यावर बारीक अक्षरात लिहिलं, "बेबी ऑफ चांदवडकर, सायंकाळी ६.४०," आणि तो एका रिकाम्या काडेपेटीवर चिकटवला. माशी काडेपेटीत कापसावर ठेवली. वजन लिहायलाही त्यांनी पेन उचललं होतं, मग विचार करून ते राहू दिलं.

मला अर्थातच विचारावं लागलं. तेव्हा कळलं ते असं, की वॉर्डात बाळ जन्मलं की त्याच्या मनगटाला पट्टी बांधतात आणि तिच्यावर आईचं नाव असतं, बेबी ऑफ अमुक. बारसं होईपर्यंत कागदोपत्री तेच त्याचं नाव. सिस्टरच्या माश्यांनाही तोच कायदा. जिच्या घरातून लोकर, केस किंवा पीस आलं ती आई. मी आई झालो होतो.

"मग बारसं कधी?" मी विचारलं.

"पहिला मासा आणला की. त्याच्याआधी नाही."

हा नियम त्यांच्या वडिलांचा. वडील इथल्याच एका मिशन बंगल्यावर माळी होते. बंगल्यातल्या साहेबाला दारणा नदीवर मासे धरण्याचा नाद होता. त्याच्या माश्या परदेशातून डब्यात बंद होऊन यायच्या आणि प्रत्येकीला एखाद्या राणीला शोभेल असं लांबलचक नाव असायचं. एकदा साहेबाच्या हातून तो डबा नदीत गेला. साहेब काठावर बसून राहिला, तेव्हा वडिलांनी बायकोच्या शिवणातला दोरा आणि कोंबड्याचं पीस घेऊन एक माशी बांधून दिली. त्या दिवशी साहेबाला वर्षभरात मिळाले नव्हते एवढे मासे मिळाले. "वडील म्हणायचे, माशाला इंग्रजी कुठं येतं," सिस्टर म्हणाल्या. तेव्हापासून वडील आपल्या माश्यांना नावं द्यायला लागले, पण साहेबासारखी आधी नाही. आधी काम दाखव, मग नाव घे. आणि ज्या माशानं नाव मिळवून दिलं त्याला पाण्यात परत सोडायचं. दुसऱ्यापासून पुढच्यांचं कालवण.

नावांची एक वही होती. मी ती दुसऱ्याच दिवशी मागून घेऊन वाचली, आणि ग्रंथपाल म्हणून सांगतो, नोकरीत हाताळलेल्या कित्येक ग्रंथांपेक्षा ती वाचनीय होती. खाकी दोऱ्याची, पाण्यात सगळ्यांच्या आधी पोहोचणारी ती "फौजदार". पिवळ्या झालरीची "शेवंता". एक राखाडी, काटकुळी माशी होती, बघून दया यावी अशी. दिसायला गरीब, पण सगळ्यांत मोठा मासा तिनंच आणला होता. तिचं नाव "धाकटी सून". प्रत्येकीपुढे जन्मवेळ, आई कोण, पहिला मासा कोणता आणि शेरा. एका माशीपुढे शेरा होता, "हट्टी. दोनदा माझ्याच टोपीला लागली."

तशा सिस्टर सगळ्या जगाकडे वॉर्डातूनच बघायच्या. "जोर लावू नका, अजून वेळ आहे," हे त्यांचं पालुपद. छत्तीस वर्षं बायकांना हेच सांगितल्यामुळे ते आता कुठेही बाहेर पडायचं. मी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत असलो तरी, रिक्षावाला पुढे घुसत असला तरी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी आवाज चढवून पार्किंगवर बोलत होते, तेव्हा पाठीमागून शांत आवाजात हेच वाक्य आलं. सेक्रेटरी मध्येच थांबले आणि त्यांनी नकळत दीर्घ श्वास घेतला. पार्किंगचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, पण पुढे महिनाभर कुणी भांडलं नाही.

बिल्डिंगमधल्या बहुतेक घरांचं काही ना काही त्यांनी नेलं होतं. कुणाच्या कुत्र्याचे केस, कुणाच्या पायपुसण्याचे धागे. कोंबडीवाल्या रफिकभाईंच्या दुकानात तर लोक मांस घ्यायचे आणि सिस्टर एकट्याच पिसं. रफिकभाई त्यांच्यासाठी मानेची पिसं वेगळी काढून ठेवायचे आणि विचारायचे, "मॅडम, पिछले वाले का नाम रखा क्या?"

या पद्धतीचा एक धोका माझ्या लक्षात यायला हवा होता, तो आला नाही. आमच्याकडे आणि सिस्टरकडे काम करणाऱ्या छायाबाई एकच. एके दिवशी त्या सिस्टरचं कपाट पुसत होत्या. शाळा शिकलेल्या, त्यामुळे समोर येईल ते वाचायची सवय. पोलिसांत तक्रार द्यायला जावं तशा चेहऱ्यानं त्या खाली आल्या आणि नीताला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "ताई, तुमाला सांगू का नको, लय विचार केला. वरल्या सिस्टरकडं सायबांच्या नावाचं बाळ हाय."

"काय?"

"चिठ्ठीच लावलीय तशी. टाइमबी टाकलाय. डबीत हाय."

नीता हसून हसून खाली बसली आणि छायाबाईंना वाटलं तिला धक्का बसला. पुढचे दोन दिवस त्यांनी मला चहा दिला तो कप आदळून. मग सिस्टरनी स्वतः काडेपेटी उघडून त्यांना बाळ दाखवलं, तेव्हा कुठे माझी सुटका झाली. पण बातमी तोवर सोसायटीच्या ग्रुपवर पोहोचली होती. त्या दिवसापासून जिन्यात भेटेल तो मला विचारू लागला, "काय चांदवडकर, बाळ काय म्हणतंय?"

बाळ काहीच म्हणत नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती.

सिस्टर दर शनिवारी दारणेवर जायच्या. रविवार चर्चचा. मी निवृत्त झाल्यावर त्यांच्याबरोबर जायला लागलो, स्कूटर माझी आणि गळाची काठी त्यांची. मी मासे खात नाही, धरत नाही, पण बघायला काय हरकत आहे. भगूरच्या पुढे नदीला एक वळण आहे, खडक आहेत, त्या खडकांत पाणी खोल आणि हिरवं. तिथं उभं राहून त्या काठी मागे न्यायच्या, दोरी हवेत लांब उलगडू द्यायच्या आणि माशी पाण्यावर अशी उतरवायच्या की पाण्याला कळू नये. फौजदार मासे आणायचा. शेवंता आणायची. ज्यांना वास येत होता असे पायपुसण्याचे धागेसुद्धा नाव मिळवून बसले. माझं बाळ चार वर्षं पाण्यात जाऊन कोरडं यायचं. म्हणजे ओलंच यायचं, पण एकटं.

मला हसू यायचं, आणि मग एक दिवस लक्षात आलं की हसू येत नाहीये. आपल्या स्वेटरच्या कोपराबद्दल इतकं वाटून घेणं हे काही शहाण्या माणसाचं लक्षण नाही, पण वाटत होतं. सिस्टरना तर ते फारच लागलं होतं. प्रत्येक शनिवारी सगळ्यांत आधी त्या ती काडेपेटी उघडायच्या आणि सगळ्यांत शेवटी मिटायच्या.

मी एकदा सुचवलं, "नुसतं नाव ठेवून टाका ना. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

दुसऱ्यांदा मी जास्त हुशारी केली. म्हटलं, बाजारातून एखादी जिवंत चिलापी आणू, बादलीत सोडू, तिच्या तोंडासमोर माशी धरू. चिलापी काय, दिसेल ते खाते. यावर सिस्टर माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी जिन्यात म्हणाल्या, "मुलाला कॉपी करून पास करणाऱ्यातले आहात तुम्ही." मी कॉलेजात नोकरी केलेली, त्यामुळे ते वर्मी लागलं.

गेल्या दिवाळीत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी अंगठा, मग शेजारची दोन बोटं. चहाचा कप चालायचा, पण गळावर दोरा चालेना. त्यांनी तीन दिवस प्रयत्न केला, मग आर्टरीचं बँडेज सोडून ती धुतली, पुसली आणि फडक्यात गुंडाळून ठेवली. नाव मिळालेल्या सगळ्या माश्या त्यांनी भगूरच्या एका ओळखीच्या मासेमाराला देऊन टाकल्या. प्रत्येकीचा स्वभाव त्याला समजावून सांगितला. त्यानं धाकट्या सुनेबद्दल ऐकताना हात जोडले होते.

एकच काडेपेटी उरली.

"थंडी संपेपर्यंत जाईन," सिस्टर म्हणाल्या. "त्यानंतर हाताचा भरवसा नाही. पण हिला बिननावाची ठेवून मी थांबणार नाही, चांदवडकर. एवढं एक होऊ दे."

म्हणून मग आम्ही शनिवारच नव्हे, बुधवारीही जायला लागलो. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. त्यांच्या हातून माशी हवी तिथं पडेना. दोरी मध्येच लचकायची आणि माशी पाण्यावर आपटायची. मी बाजूला थर्मास घेऊन उभा राहायचो आणि ज्या देवांना मी एरवी त्रास देत नाही त्यांना एका माशाबद्दल सांगायचो.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी नऊच्या सुमाराला, पलीकडच्या द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर घरघरत असताना, सिस्टरनी काठी डाव्या हातात घेतली. डाव्या हातानं त्यांनी पूर्वी कधी फेकली नव्हती. माशी खडकांच्या मधल्या हिरव्या पाण्यावर पडली, थोडी तरंगली, आणि तिच्याखाली पाणी फुगलं. मी स्पष्ट बघितलं. एक काळी पाठ वर आली, वळली, आणि दोरी सरसरत गेली.

"लागला," मी म्हटलं. 

 काठी वाकली, सिस्टरनी दोरी सोडली, थोडी घेतली, पुन्हा सोडली. मासा सरळ पलीकडच्या खडकांच्या खाली शिरला. मग एक झटका आला आणि सगळं थांबलं. काठी वाकलेलीच होती, पण दोरी हलत नव्हती. मासा सुटून गेला होता आणि माशी खाली कुठेतरी खडकात रुतून बसली होती.

मी बूट काढले, पँट वर केली आणि पाण्यात शिरलो. खाली शेवाळ. पाच पावलांवर गुडघ्याएवढं पाणी होतं, सहाव्यावर मी कमरेपर्यंत गेलो आणि बसलोच.

"या परत," सिस्टर म्हणाल्या. "पोहता येतं का?"

"नाही."

"मग या परत."

आम्ही काठावरून डावीकडून ओढून बघितलं, उजवीकडून ओढून बघितलं. अर्धा तास गेला. मी कुडकुडत म्हणालो, "सिस्टर, लागला तर होता ना. मी साक्षीला आहे. लिहा वहीत."

"लागणं वेगळं, येणं वेगळं. हातात आला नाही."

त्यांनी मला पिशवीतली कात्री द्यायला सांगितली. मग त्या खडकावर हळूच गुडघे टेकून बसल्या. दोरीच्या टोकाचा ताणलेला नायलॉनचा तंगूस डाव्या हाताला दोन वेढे देऊन धरला, खाली वाकल्या आणि तो ओठांशी नेला. पाळण्याशी वाकतात तशा. त्या काहीतरी बोलल्या, एखादाच शब्द, पाण्याच्या आवाजात मला तो ऐकू आला नाही. थोडं थांबून त्यांनी तंगूस कापला. कापताना हात थरथरला नाही.

मी त्यांना हात देऊन उठवलं. थर्मासमधला चहा दिला. 

"नाव ठेवलंत," मी म्हटलं.

"हो."

"काय?"

"तुमचंच ते, तुम्हाला सांगायला हवं. बबन." चहाकडे बघत त्या पुढे म्हणाल्या, "ओठांवर आलं ते ठेवलं. तिथं विचार करायला वेळ नसतो."

"तिथं म्हणजे?"

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता त्या विषय बदलतील. वडिलांचा नियम त्यांनी असा मोडला होता, आणि मी नको तिथं बोट ठेवलं होतं.

"सगळीच बाळं रडत नाहीत, चांदवडकर," त्या म्हणाल्या. "काही येतानाच गेलेली असतात. काही तासभर राहतात, काही एखादी रात्र. आई गुंगीत असते, बाहेरच्या माणसांना काही सुधरत नसतं. पट्टीवर बेबी ऑफ अमुक, कागदावरही तेच, आणि तसंच कापडात गुंडाळून बाहेर द्यायचं. गुंडाळायचं काम माझं. पहिल्यांदा दिलं तेव्हा घरी येऊन मला जेवण गेलं नाही. म्हटलं, याला हाक मारायची झाली तर काय मारणार? मग पुढच्या वेळेपासून मी कानात नाव सांगायला लागले. गुंडाळताना. आईचं नाव बघून, तिच्या घरात शोभेल असं. सलमाच्या मुलाला मी काय येशूदास म्हणणार? त्याला यासीन म्हटलं."

"कुणाला सांगितलंत कधी?"

"कुणाला सांगणार? तो मान आईबापांचा, आत्याचा. माझा अधिकार काय? मी आपली ड्यूटीवरची सिस्टर." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "वडिलांचा नियम चांगलाच आहे. पण तो ज्यांना वेळ मिळतो त्यांच्यासाठी. बिननावाचं कुणाला पाठवायचं नसतं."

 चार वर्षं मी या बाईच्या मागे प्रश्न विचारत फिरलो होतो, दोरा कुठला, पीस कुठलं, गाठ कशी मारता. वहीतला प्रत्येक शेरा मला पाठ होता. मला माझ्या चौकसपणाची लाज वाटली, आणि डोळे भरून आले. ओल्या पँटमुळे ते फारसं शोभून दिसत नसावं.

परत येताना त्या माझ्या मागे बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. देवळाली कॅम्प मागे पडला. नाशिकरोडचा पूल ओलांडला आणि माझ्या कानाशी त्यांचा आवाज आला.

"गणेश," त्या म्हणाल्या. "पहिला गणेश. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते."

मी मान हलवली.

"मग मंदा. मंदाला केस खूप होते. मग रोहिदास. मग तो यासीन. जुळ्या होत्या एक, सोनी आणि मोनी, त्यातली मोनी दुपारपर्यंत होती, तिनं माझं बोट धरलं होतं."

त्या घाई करत नव्हत्या. एक नाव, मग थोडं थांबायचं, मग दुसरं. काहींच्या पुढे एखादी खूण, पावसाळ्यातला, संपाच्या दिवसातली, आई पेठकडची होती. माझ्या लक्षात आलं की याची कुठे वही नव्हती. उन्हं वर आली होती, रस्त्यावर गर्दी वाढली होती, आणि एकेक नाव माझ्या खांद्यावरून पुढे जात होतं.

द्वारकेच्या सिग्नलला आम्ही थांबलो. ट्रक, रिक्षा, बस, सगळे एकमेकांवर हॉर्न वाजवत होते, म्हणून त्या थोड्या पुढे वाकल्या आणि मोठ्यानं सांगू लागल्या. सुभाष. नजमा. विठ्ठल. शेजारच्या रिक्षातली बाई आमच्याकडे बघायला लागली. सिग्नल हिरवा झाला. मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली, एका टपरीच्या सावलीत उभी केली आणि इंजिन बंद केलं. त्यांची नावं अजून संपली नव्हती.